मनोऱ्याकडून चाकाकडे : ऊर्ध्वपातनाचा अल्प इतिहास

झाशीविषयी मराठीत लिहावयाचे म्हटले की लेखणी आपोआप १८५७-५८ कडे वळते. नारोशंकरांनी किल्ल्याखाली वसविलेली वस्ती, शिवरावभाऊंच्या काळचा शहराचा कोट, त्या कोटाचे दरवाजे, गणेशमंदिरात झालेला राणीसाहेबांचा विवाह आणि सर ह्यू रोजचा वेढा हे सारे मराठी वाचकास गोडसे भटजींच्या प्रवासवृत्तामुळे घरच्यासारखे झाले आहे. त्याच कोटातील एका दरवाजाला खंडेराव हे नाव आहे, आणि त्या नावाच्या आडोशाला राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना आपला कुलस्वामी फार दूर राहिला नाही असे वाटत आले आहे. या विषयावर अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिले आहे. त्यात भर घालण्याची आमची योग्यता नाही, म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही मुद्दाम निराळा विषय निवडला आहे.

निवडीचे कारण अगदी घरगुती आहे. खंडेराव गेटच्या मराठी घरांतील मागच्या पिढ्या रेल्वेत, शाळेत, कचेरीत रमल्या. आताची मुले रसायनशास्त्राची पदवी घेऊन अंकलेश्वर, पाताळगंगा, लोटे-परशुराम, हैदराबाद अशा ठिकाणी औषधांच्या व रंगांच्या कारखान्यांत जातात. मुलगा काय करतो असे कोणी विचारले तर आई सांगते, "तो सॉल्व्हंट रिकव्हरीत आहे." त्यापुढे तिलाही सांगता येत नाही आणि विचारणाऱ्यालाही विचारता येत नाही. ज्या कामात मुलगा रात्रपाळीला उभा असतो त्या कामाचा इतिहास आईवडिलांना ठाऊक असावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. आम्ही स्वतः कलाशाखेचे पदवीधर. यंत्राची गणिते आमच्याकडून होणार नाहीत. पण गणितामागची गोष्ट समजण्यास फारशी अडचण पडू नये.

प्रथम शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडील मुले हिंदी माध्यमात शिकतात आणि घरी मराठी बोलतात, त्यांची येथे हमखास फसगत होते. मराठी पाठ्यपुस्तकात ऊर्ध्वपातन म्हणजे डिस्टिलेशन. द्रव उकळावयाचा, त्याची वाफ दुसरीकडे न्यावयाची आणि थंड करून पुन्हा द्रव मिळवावयाचा. हिंदी पुस्तकात यालाच आसवन म्हणतात. तेथे ऊर्ध्वपातन हा शब्द भलत्याच क्रियेला दिला आहे. कापूर तापविला असता तो न वितळता एकदम वाफ होतो, ती ही क्रिया. मराठीत तिला संप्लवन म्हणतात. दोन्ही भाषांनी शब्द एकाच ठिकाणाहून घेतला आहे. रसरत्नसमुच्चयासारख्या रसशास्त्राच्या ग्रंथांत पाऱ्याच्या शुद्धीसाठी ऊर्ध्वपातन, अधःपातन व तिर्यक्पातन असे तीन प्रकार सांगितले आहेत. वरच्या मडक्याच्या बुडाशी पारा जमला तर ऊर्ध्व, खालच्या भांड्यात उतरला तर अधः, आणि तिरप्या नळीने बाजूच्या भांड्यात गेला तर तिर्यक्. खरे पाहता आजच्या डिस्टिलेशनशी जवळचे नाते तिर्यक्पातनाचे आहे. परिभाषा करणाऱ्यांनी निवड निराळी केली, आणि रूढीपुढे आमचा इलाज नाही. या लेखात ऊर्ध्वपातन मराठी अर्थानेच वापरले आहे.

ही विद्या भारतात किती जुनी, याविषयी विद्वानांत वाद आहे. तक्षशिला आणि चारसद्द्याजवळील शेखान ढेरी येथे सापडलेल्या मातीच्या भांड्यांवरून ऑल्चिन या पुरातत्त्वज्ञाने १९७९ मध्ये असे मत मांडले की ऊर्ध्वपातनाचे जन्मस्थान भारत असावे. हे मत सर्वमान्य झालेले नाही. पण जुनी रीत डोळ्यांनी पाहावयाची असेल तर कानपूरपलीकडे कनौजला जावे. तेथे अत्तरवाले आजही तांब्याच्या देगेत फुले व पाणी घालतात, झाकण मातीने लिंपतात, देगेखाली जाळ करतात, आणि बांबूच्या नळीने निघालेली सुगंधी वाफ भपक्यात उतरवितात. भपका पाण्याच्या टाक्यात बुडविलेला असतो व त्यात बहुधा चंदनाचे तेल असते. देग तापली किती आणि भपका निवला किती, हे कारागीर हात लावून सांगतो. थर्मामीटर त्याच्या बोटांत असतो म्हणाना.

देग-भपक्याची एक मर्यादा आहे. पाण्यातून अत्तर काढणे त्याला जमते, परंतु एकमेकांत पूर्ण मिसळलेले दोन द्रव नीट वेगळे करणे जमत नाही. मद्यार्क ७८.३ अंशाला उकळतो, पाणी १०० अंशाला. म्हणून मिश्रण तापविले की आधी सारा मद्यार्क निघून जाईल आणि मागे पाणी राहील, अशी आपली भाबडी समजूत असते. तसे घडत नाही. वाफेत दोन्ही असतात, फक्त मद्यार्काचे प्रमाण मूळ द्रवापेक्षा अधिक असते. ती वाफ थंड करून तो द्रव पुन्हा उकळला तर प्रमाण आणखी वाढते. असे पुनःपुन्हा करावे लागते, आणि प्रत्येक वेळी नवे सरपण जळते. जुन्या भट्ट्यांचा सारा खर्च या पुनःपुन्हांत होता.

यातून सुटका करणाऱ्यांत एक सरकारी अधिकारी होता, हे नमूद करताना आम्हांस थोडा जातभाईचा अभिमान वाटतो. फ्रान्समध्ये सेलिए-ब्लुमेंथाल याने १८१३ मध्ये सतत चालणाऱ्या स्तंभाचे पेटंट घेतले होते. पण ती कल्पना खऱ्या अर्थाने रुळविली आयर्लंडच्या इनियस कॉफी याने. हा गृहस्थ अबकारी खात्यात महानिरीक्षक होता. चोरट्या भट्ट्यांवर धाडी घालण्यात त्याची हयात गेली. नोकरी सोडल्यावर त्याने डब्लिनमध्ये स्वतःच मद्यार्काचा कारखाना घेतला आणि १८३० मध्ये दोन स्तंभांच्या भट्टीचे पेटंट मिळविले. एका स्तंभात खालून वाफ चढे व वरून आंबविलेला द्रव उतरे. वाटेतल्या सच्छिद्र ताटांवर दोघांची गाठ पडे. दुसऱ्या स्तंभात चढणाऱ्या वाफेची उष्णता घेऊन येणारा थंड द्रव आपोआप तापे. प्रत्येक ताट म्हणजे जणू एक स्वतंत्र भट्टी, पण जाळ मात्र एकच. ज्याने आयुष्यभर इतरांच्या भट्ट्या मोजल्या, त्याला भट्टीचे दोष ठाऊक असणारच.

मराठी माणसाचा या कथेत प्रवेश होतो तो बडोद्यात. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून गादीवर आलेल्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये तेथे कलाभवन निघाले. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे प्राण होते. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये कोणी डांबर फासले, आणि तो डाग काही केल्या निघेना, तेव्हा तो काढला तो याच गज्जरांनी. डांबर फासल्याचे श्रेय चापेकर बंधूंना देतात. म्हणजे एकाच डागाच्या दोन्ही बाजूंस आपला इतिहास उभा आहे. असो. गज्जर, त्यांचे मराठी सहकारी कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन या तिघांनी १९०७ मध्ये बडोद्यास जो कारखाना काढला, त्याचे नाव अलेंबिक. अलेंबिक म्हणजे ऊर्ध्वपातनाचे जुने चंबूसारखे पात्र. कारखान्याने आरंभी काढलेला माल म्हणजे मद्यार्क व औषधी टिंक्चरे. स्वदेशीच्या त्या काळात औषधांसाठी लागणारा मद्यार्क आपणच काढावा हा विचार साधा नव्हता. खोकल्याच्या बाटलीवर हे नाव आपण कितीदा वाचले असेल, पण ते एका भांड्याचे नाव आहे हे कितीजणांना ठाऊक असेल?

पुढे महाराष्ट्रात ऊर्ध्वपातनाचे मनोरे उभे राहिले ते उसाच्या मागोमाग. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याने १९५० मध्ये गाळप सुरू केले. मागाहून तसे कारखाने गावोगाव निघाले. साखर काढून उरलेली मळी पूर्वी डोकेदुखी होती. पण एक टन मळीपासून सुमारे सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क निघतो हे ध्यानात आल्यावर साखर कारखान्याशेजारी आसवनी दिसू लागली. येथे मराठीनेही आसव हा शब्द स्वीकारला, हे गमतीने सांगावेसे वाटते. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाने, म्हणजे माटुंग्याच्या प्रसिद्ध यूडीसीटीने, १९३३ पासून या विद्येची माणसे घडविली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. गोव्याच्या माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर यूडीसीटीतून शिकून पुढे याच प्रयोगशाळेचे संचालक झाले. आज पुण्याची प्राज ही कंपनी देशोदेशी मद्यार्काचे मनोरे उभारते. तिचे संस्थापक प्रमोद चौधरी हेही मराठीच.

मनोरा इतका उंच का असतो, आणि त्याला पर्याय शोधावा असे कोणाला का वाटले, हे आता पाहावयाचे. मनोऱ्यात द्रव खाली येतो तो केवळ गुरुत्वाकर्षणामुळे. वाफ वर जाते, द्रव खाली उतरतो, आणि भेट जितकी वेळा घडेल तितके पृथक्करण चांगले. उकळबिंदू जवळजवळ असतील तर पुष्कळ भेटी लागतात, म्हणून मनोरा उंच करावा लागतो. वाफ जोराने सोडली तर ती उतरणाऱ्या द्रवाला अडवून धरते आणि मनोरा तुंबतो. तसे होऊ नये म्हणून वाफ संथ सोडावी लागते, आणि वाफ संथ हवी तर मनोरा रुंद हवा. उंची व रुंदी या दोन्हींचे मूळ एकच आहे. पृथ्वी द्रवाला जितक्या जोराने ओढते, त्याहून अधिक जोराने तो उतरणार नाही. पृथ्वीची ओढ तर कोणी वाढवू शकत नाही.

तथापि तिची नक्कल करता येते, आणि ती आपल्या शेतकऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जोंधळ्याच्या माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणाऱ्या पोराला विचारा. गोफणीतला खडा किती जड लागतो ते त्याच्या मनगटाला कळते. दुधाच्या धंद्यात ही युक्ती आधी आली. पातेले रात्रभर ठेवले की साय वर येते, कारण ती हलकी असते. पण स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल याने १८७८ मध्ये दूध वेगाने फिरविणारे यंत्र काढले, आणि रात्रभराचे काम क्षणांत होऊ लागले. रसायनाच्या धंद्यात तीच युक्ती पोडबील्निआक या शिकागोच्या गृहस्थाने आणली. त्याच्या फिरत्या यंत्रांचे महत्त्व दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनमुळे जगाला कळले. पेनिसिलिन पाण्यातून ॲसिटेट जातीच्या द्रावकात काढून घेण्यासाठी पाणी आम्ल करावे लागते. त्या आम्लात ते औषध काही मिनिटांतच नासू लागते. संथ उतरणाऱ्या मनोऱ्याला तेवढी सवड नव्हती, फिरत्या ढोलाला होती. पुण्याजवळ पिंपरीस सरकारने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली व १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिन होऊ लागले, तेव्हा देशाची या औषधासाठीची परदेशावरील मदार कमी होऊ लागली. अशा प्रत्येक कारखान्यात औषध निघाल्यावर वापरलेला द्रावक उरतो. तो फेकून देणे परवडत नाही आणि फेकू नये. तो पुन्हा शुद्ध करावा लागतो. आमच्या मुलांची सॉल्व्हंट रिकव्हरी ती हीच.

फिरते यंत्र दोन द्रवांसाठी वापरता येते, तर वाफ आणि द्रव यांच्या भेटीसाठी का नको? हा प्रश्न इंग्लंडमधील आय.सी.आय. या मोठ्या कंपनीत कॉलिन रॅमशॉ यांनी गेल्या शतकाच्या आठव्या दशकात ऐरणीवर आणला. निमित्त मोठे चमत्कारिक होते. अवकाशात, जेथे वजन नाही तेथे, रासायनिक क्रिया कशा होतील याचा विचार चालला होता. रॅमशॉ यांच्या ध्यानात आले की गुरुत्व नाहीसे झाल्यास वायू व द्रव यांची भेट बिघडेल. मग गुरुत्व वाढविल्यास ती सुधारावयास हवी. अवकाशाकडे पाहता पाहता त्यांना चाक सापडले. मॅलिन्सन या सहकाऱ्यासह त्यांनी पेटंट घेतले, ते १९७९ मध्ये युरोपात प्रसिद्ध झाले व १९८१ मध्ये अमेरिकेत मिळाले. अधिक गुरुत्व या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून यंत्राचे नाव पडले हायजी.

यंत्राची रचना सांगतो. तारेच्या जाळीने किंवा तशाच सच्छिद्र पदार्थाने भरलेले एक कंकणाकृती चाक बंदिस्त पेटीत फिरत असते. द्रव चाकाच्या मध्यभागी फवाऱ्याने सोडतात. तो गोफणीतल्या खड्यासारखा बाहेर फेकला जातो आणि जाळीतून जाताना पातळ पापुद्रे व बारीक थेंब होतो. वाफ पेटीच्या परिघाकडून शिरते आणि दाबाने आत, मध्याकडे ढकलली जाते. मनोऱ्यातली वर-खाली ही वाट येथे आत-बाहेर झाली, एवढाच फरक. दोन फूट व्यासाचे चाक मिनिटाला एक हजार फेरे फिरले तर त्याच्या कडेला द्रवावरील ओढ पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे ३४० पट होते. त्यामुळे वाफ जोराने सोडली तरी तुंबण्याचे भय फार मागे सरते, आणि पापुद्रा पातळ झाल्याने भेट घट्ट होते. साध्या मनोऱ्यात एका आदर्श ताटाइतके काम होण्यास जेथे साधारण अर्धा मीटर उंची लागते, तेथे चाकात काही सेंटिमीटर पुरतात. इथेनॉल आणि आयसोप्रोपॅनॉल ही दोन अल्कोहोले आहेत. त्यांच्या उकळबिंदूंत जेमतेम चार अंशांचे अंतर आहे. ती चाकावर वेगळी करता येतात हे आय.सी.आय.च्या प्रायोगिक यंत्राने दाखविल्याचे वृत्त १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

जागा वाचली, पोलाद वाचले, हे लाभ खरेच. पण आमच्या मते या यंत्राचे खरे महत्त्व निराळे आहे आणि ते झाशीकरांना कोणी समजावून सांगावे लागू नये. उंच मनोऱ्यात, त्याच्या तळाच्या टाकीत व नळ्यांत कोणत्याही क्षणी उकळता ज्वालाग्राही द्रव मोठ्या प्रमाणात साठलेला असतो. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो येथे १ जून १९७४ रोजी तापलेल्या सायक्लोहेक्झेनची नळी फुटली व स्फोटात २८ माणसे ठार झाली. त्यानंतर त्याच आय.सी.आय. कंपनीतील सुरक्षातज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ यांनी १९७७ च्या एका व्याख्यानात मांडलेला विचार पुढे जगभर गेला. जे कारखान्यात साठवलेच नाही ते गळणार कोठून, असा त्याचा आशय. रॅमशॉ यंत्र लहान करीत होते, क्लेट्झ साठा लहान करा म्हणत होते, आणि दोघे एकाच कंपनीचे नोकर होते. हा योगायोग नसावा.

त्यानंतर सात वर्षांनी, २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री, आमच्याच लोहमार्गावर, झाशीहून सुमारे २९० किलोमीटरवर भोपाळ घडले. टाकीत सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट होते. ते विकावयाचे द्रव्य नव्हते, कीटकनाशक बनविताना मध्ये लागणारे होते. एवढा साठा ठेवण्याचे कारण सोय, दुसरे नाही. टाकीत पाणी शिरले व पुढचा अनर्थ झाला हे सर्वश्रुत आहे. त्या कंपनीच्याच १९८५ च्या अहवालात असेही आढळते की साठ्यात क्लोरोफॉर्म हा द्रावक ठरलेल्या मर्यादेहून कितीतरी अधिक राहिला होता, कारण शुद्धीकरणाचा ऊर्ध्वपातन-स्तंभ बंद होण्यापूर्वी वाजवीपेक्षा अधिक तापमानावर चालविला गेला होता. त्या क्लोरोफॉर्ममुळे टाकीचे पोलाद झिजले आणि क्रिया भडकली, असे तो अहवाल सांगतो. द्रावक वेगळा काढण्याचे काम नीट न होणे म्हणजे काय, याचे याहून भयंकर उदाहरण आम्हांस माहीत नाही. त्या रात्री भोपाळ स्टेशनावर उप-स्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावरची गाडी वेळेआधी सोडली आणि येणाऱ्या गाड्या थोपविल्या. झाशी हे रेल्वेचे गाव. येथे हे नाव आदराने घेतले जाते व घेतले जावे.

फिरत्या चाकात द्रव क्षणभरच राहतो. यंत्रात एकूण साठा थोडा, म्हणून आग लागली तरी जळावयास थोडे. शिवाय मनोरा स्थिर चालीला येण्यास तासन्तास घेतो, चाक काही मिनिटांत येते. आज ॲसिटोन, उद्या मेथॅनॉल अशा पाळ्या बदलणाऱ्या औषधकारखान्याला याची किंमत विचारा. मुलगा रात्रपाळीला ज्याच्या शेजारी उभा राहतो ते यंत्र किती द्रव पोटात घेऊन उभे आहे, हा आईवडिलांच्या दृष्टीने मोठाच प्रश्न आहे.

मग चाकाने मनोऱ्याला हटविले का नाही? कारणे आहेत. फिरणारी वस्तू म्हणजे बेअरिंग, समतोल आणि दांड्याभोवतीची सील. तापलेली ज्वालाग्राही वाफ आत आणि फिरता दांडा बाहेर, या दोघांच्या मध्ये जी सील असते ती गळली तर सुरक्षिततेचा सारा लाभ बुडाला. मनोऱ्यात हलणारे काहीच नसते, तो वर्षानुवर्षे मुकाट उभा असतो. दुसरे, ऊर्ध्वपातनात मिश्रण मनोऱ्याच्या मधल्या ताटावर सोडावे लागते. फिरत्या चाकाच्या मधोमध नळी घालणार कशी? म्हणून दोन चाके लागत, एक फीडच्या वरच्या भागाचे काम करणारे, एक खालच्या. तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. जाळीबरोबर वाफही गरगरू लागते, दोघांची गती एक होते, आणि वाफेच्या बाजूने अपेक्षित लाभ होत नाही.

या तिसऱ्या अडचणीवरचा उपाय आमच्यापासून सुमारे २२० किलोमीटरवर, कानपूरच्या आय.आय.टी.त शोधला गेला, ही गोष्ट या भागात फारशी कोणाला ठाऊक नाही. प्राध्यापक डी. पी. राव यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी जाळीच्या एका जाड कंकणाऐवजी अनेक पातळ कंकणे केली. एकाआड एक कंकण वरच्या तबकडीला, मधली कंकणे खालच्या तबकडीला. दोन तबकड्या परस्परांच्या उलट दिशेने फिरवावयाच्या. जात्याचे खालचे तळे स्थिर असते, येथे दोन्ही तळ्या फिरतात असे समजावे. वाफ एका कंकणाबरोबर वळते न वळते तोच पुढचे तिला उलट वळविते. हायजीच्या साऱ्या संशोधनाचा आढावा त्यांनी २००४ मध्ये घेतला आणि विभागलेल्या जाळीवरील प्रयोग २००५-०६ मध्ये प्रसिद्ध केले.

दुसऱ्या अडचणीवर तोडगा निघाला चीनमध्ये. हांगचौ येथील जी जियानबिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तबकडी फिरती व एक स्थिर ठेवली. दोन्हींवर वर्तुळाकार भिंती उभारल्या, त्या एकमेकींच्या फटींत बसतात. वाफेला नागमोडी जावे लागते आणि द्रव फिरत्या भिंतीवरून उडून स्थिर भिंतीवर आपटतो. एक बाजू स्थिर असल्याने मधेच मिश्रण सोडणे सोपे झाले, आणि एकाच दांड्यावर दोन-तीन चाके चढविता आली. पुरुषभर उंचीच्या पेटीत मनोऱ्याचे काम होऊ लागले. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील औषध व रसायन कारखान्यांत मेथॅनॉल, इथेनॉल, ॲसिटोन असे द्रावक परत मिळविण्यासाठी ही यंत्रे शेकड्याने मोजावीत इतकी बसली.

कानपूरला कल्पना होती आणि हांगचौला कारखाने मिळाले. आमची समजूत अशी की याचे कारण बुद्धीत शोधू नये. आपल्याकडे नवे यंत्र घेताना निविदेत पहिली अट असते ती पूर्वानुभवाची. हे यंत्र याआधी इतकी वर्षे इतक्या ठिकाणी चालले आहे असा दाखला आणा. पहिल्या यंत्राला हा दाखला कोण देणार? सरकारी नोकरीत आम्ही स्वतः ही अट कितीदा वाचली आहे, आणि तिचा हेतू वाईट नाही हेही जाणतो, कारण बुडालेल्या पैशाचा जाब शेवटी सही करणाऱ्याला द्यावा लागतो. तरी पण तिच्यामुळे पहिले पाऊल नेहमी दुसऱ्याने टाकावयाचे असा शिरस्ता पडतो.

या यंत्राला रसायन जाणणारा जितका हवा तितकाच दांडा समतोल करणारा, बेअरिंगचा आवाज ऐकून तिची तब्येत सांगणारा हवा. झाशीचा रेल्वे कारखाना १८९५ पासून चालू आहे आणि भेलचा कारखाना १९७४ मध्ये आला. येथील मराठी घरांत आजोबा टर्नर व नातू रसायनशास्त्राचा पदवीधर असा जोड दुर्मीळ नाही. नातवाने सुटीत घरी आल्यावर हायजीचे चित्र आजोबांसमोर ठेवावे. सीलविषयी आजोबा काय बोलतील ते ऐकण्यासारखे असेल.

मनोरे नाहीसे होतील अशी कल्पना मात्र कोणी करू नये. झाशीहून भोपाळकडे जाताना सुमारे दीडशे किलोमीटरवर बीना लागते. तेथील तेलशुद्धीकरण कारखाना २०११ मध्ये राष्ट्रास अर्पण झाला आणि आज त्याची क्षमता वर्षाला ७८ लाख टन कच्च्या तेलाची आहे. एवढे तेल कोणत्याही चाकावर फिरविता येणार नाही. चाकाची जागा लहान कारखान्यात आहे, जेथे दिवसाला काही पिंपे द्रावक शुद्ध करावयाचा असतो आणि छप्पर फोडून मनोरा वर काढण्यास ना जागा असते ना परवानगी. मद्यार्काच्या बाबतीत तर मनोरा व चाक दोघेही एकाच उंबरठ्यावर थांबतात. वजनाने सुमारे ९५.६ टक्के मद्यार्क झाला की वाफ व द्रव यांचे प्रमाण एकच होते, आणि मग ताटे कितीही वाढवा किंवा फेरे कितीही वाढवा, उरलेले पाणी निघत नाही. पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या मद्यार्कातून ते काढण्यासाठी निराळा उपाय करावा लागतो. पाण्याचे रेणू शोषून घेणाऱ्या, चाळणीसारख्या सूक्ष्म छिद्रांच्या बारीक गोळ्यांनी भरलेल्या टाक्यांतून मद्यार्काची वाफ नेतात. उसाच्या पट्ट्यातील आसवन्यांतून हे काम आता सर्रास चालते.